कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लावतो? नवा घेण्याआधी हे तपासा

आज आपण एका साध्या पण रोज डोकं उठवणाऱ्या अडचणीबद्दल बोलणार आहोत. ग्रामसंघाच्या खोलीत कॉम्प्युटर आहे. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, पण काम करण्याजोगा व्हायला तो दहा-पंधरा मिनिटं घेतो. तेवढ्यात चहा होतो, झाडून होतं, चार जणी येऊन बसतात, तरी पडद्यावर गोल चक्र फिरतच असतं.

धामणगाव बढेत आणि आजूबाजूच्या गावांतल्या गटांत ही तक्रार आम्ही खूप वेळा ऐकली. कुणाला कर्जाचा प्रस्ताव छापून मोताळ्याला बँकेत न्यायचा असतो, कुणाला सभासदांची यादी हवी असते. कपाशी वेचायच्या दिवसांत तर एका बाईची अर्धी सकाळ म्हणजे अर्धी मजुरी असते. गटाच्या नोंदी आता बऱ्याचशा मोबाइलवर जातात हे खरं, पण प्रस्ताव, ठराव, याद्या आणि छपाई यासाठी कॉम्प्युटर लागतोच.

आमच्या इथला कॉम्प्युटर असाच रखडू लागला, तेव्हा दुरुस्तीवाल्यानं न उघडताच सांगितलं, "जुना झाला ताई, बदलून टाका." नव्याचा भाव आला छत्तीस हजार रुपये. दहा बायांचा गट, प्रत्येकीची महिन्याची बचत शंभर रुपये, म्हणजे महिन्याला हजार आणि वर्षाला बारा हजार. छत्तीस हजार म्हणजे एका गटाची तीन वर्षांची बचत. बचतीतून कॉम्प्युटर घ्यायचा नसतो, तो खर्च ग्रामसंघाच्या पैशातून होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण रक्कम किती मोठी आहे हे कळावं म्हणून हा हिशेब आम्ही बैठकीत मांडला. तेव्हा ठरलं की आधी तपासू, मग ठरवू. ते तपासणं कसं करायचं, तेच आज सांगतो. यातलं बरंचसं एमएस-सीआयटी केलेली कोणतीही मुलगी करू शकते.

सुरू होताना आत काय चालतं

कॉम्प्युटरचे तीन भाग लक्षात ठेवा. पहिला प्रोसेसर. हे काम करणारे हात. दुसरा रॅम. हा स्वयंपाकाचा ओटा. आत्ता जे चाललंय ते सगळं ओट्यावर मांडलेलं असतं आणि लाइट गेली की ओटा रिकामा होतो. तिसरी हार्ड डिस्क. ही धान्याची कोठी. लाइट गेली तरी आतलं जागेवर राहतं.

आता बटण दाबल्यावर काय होतं? आधी कॉम्प्युटर स्वतःचीच तपासणी करतो. रॅम आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क जोडलेली आहे का, हे पाहतो. ही तपासणी मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये लिहिलेली असते, तिला बायोस म्हणतात. मग तो डिस्कवर विंडोज शोधतो आणि विंडोजच्या हजारो लहान-मोठ्या फायली कोठीतून ओट्यावर आणायला लागतो. त्यानंतर पासवर्डचा पडदा येतो. पासवर्ड टाकल्यावर आपल्याला वाटतं झालं सुरू. पण त्याच वेळी पाठीमागे आणखी दहा-वीस प्रोग्रॅम आपापले उठून बसत असतात. विषाणू पकडणारा, प्रिंटरचा, मीटिंगचा, मराठी टायपिंगचा. सगळे एकदम दारात आले की चेंगराचेंगरी होते. पडदा दिसतो पण माउस हलेना, फाइल उघडेना, ती हीच वेळ.

आधी घड्याळ, मग निदान

दवाखान्यात गेलं की डॉक्टर विचारतात, कधीपासून दुखतं, कुठे दुखतं. इथेही तसंच. वही आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन बसा आणि तीन वेळा लिहा. एक, बटण दाबल्यापासून विंडोजचं चिन्ह येईपर्यंत किती वेळ गेला. दोन, चिन्ह आल्यापासून पासवर्डचा पडदा येईपर्यंत किती. तीन, पासवर्ड टाकल्यापासून एखादी फाइल नीट उघडेपर्यंत किती. दोन-तीन दिवस लिहा, म्हणजे एखाद्या दिवसाचा अपवाद निघून जाईल.

पहिलाच टप्पा लांबत असेल, म्हणजे विंडोजचं चिन्हच लवकर येत नसेल, तर दोष बहुतेक विंडोजच्या बाहेर आहे. सगळ्यात आधी मागे-पुढे पेन ड्राइव्ह राहिलाय का बघा. काही कॉम्प्युटर आधी पेन ड्राइव्हमध्येच विंडोज शोधत बसतात. दुसरं, तारीख-वेळ बघा. रोज सकाळी तारीख मागे जात असेल किंवा काळ्या पडद्यावर एफ-वन दाबा असं येत असेल, तर मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. हा सेल नाण्यासारखा गोल असतो, त्यावर बहुधा सीआर २०३२ लिहिलेलं असतं आणि तो स्वस्त असतो. तारीख चुकली की बँकेच्या आणि सरकारी वेबसाइटही उघडत नाहीत, कारण त्या वेबसाइटच्या सुरक्षा दाखल्याला मुदत असते आणि कॉम्प्युटर ती मुदत स्वतःच्या तारखेशी ताडून पाहतो. म्हणजे नेट खराब आहे म्हणून आपण चिडतो, आणि दोष असतो त्या छोट्या सेलचा. तिसरं, डिस्कची वायर सैल झाली असेल किंवा डिस्क मरायला टेकली असेल, तरी याच टप्प्यावर वेळ जातो.

दुसरा टप्पा लांबत असेल, चिन्हाखाली ठिपके फिरतच राहत असतील, तर संशय डिस्कवर घ्या. मात्र "अपडेट चालू आहे, बंद करू नका" असं लिहून येत असेल तर ते वेगळं. ते काम होऊ द्या.

तिसरा टप्पा लांबत असेल तर आपोआप उठणारे प्रोग्रॅम, कमी पडणारी रॅम किंवा संथ डिस्क, या तिघांपैकी कुणीतरी आहे. आमच्या कॉम्प्युटरला पासवर्डपर्यंत चार मिनिटं आणि पुढे नऊ मिनिटं लागत होती. एकूण तेरा मिनिटांपैकी नऊ मिनिटं पासवर्डनंतरची, म्हणजे कुठे बघायचं ते वहीनंच सांगितलं.

काहीही करण्याआधी कागदपत्रं दुसरीकडे ठेवा

ही गोष्ट आम्ही मुद्दाम उपायांच्या आधी सांगतो. संथ झालेला कॉम्प्युटर हा कधी कधी मरणाऱ्या डिस्कचा पहिला इशारा असतो. आत गटांच्या याद्या असतात, कर्जाच्या परतफेडीचे तक्ते असतात, ठराव असतात. डिस्क गेली तर हे सगळं जातं. डिस्कमधून टक-टक असा ठोका येत असेल, फाइल उघडताना कॉम्प्युटर अडकत असेल, तर बाकी सगळं सोडून आधी फायलींची नक्कल करा.

नक्कल दोन ठिकाणी असावी. एक बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर, दुसरी गटाच्या ईमेलच्या ऑनलाइन साठ्यात. पेन ड्राइव्ह त्याच कॉम्प्युटरला लावून ठेवू नका आणि त्याच टेबलाच्या खणातही नको. चोरी झाली किंवा छत गळलं तर दोन्ही एकदम जातील. नक्कल केल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर दोन-चार फायली उघडून बघा. न उघडणारी नक्कल काही कामाची नाही.

बिनखर्चाचे उपाय

आता उपाय. पैसे न लागणारे आधी.

पहिला उपाय, आपोआप उठणारे प्रोग्रॅम कमी करणे. कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर नावाची चौकट उघडेल. चौकट लहान असेल तर खाली "मोर डिटेल्स" असं असतं, त्यावर दाबा. त्यात "स्टार्टअप" किंवा "स्टार्टअप ॲप्स" असा भाग असतो. तिथे यादी दिसते आणि प्रत्येकापुढे सुरू होताना त्याचा भार किती पडतो ते लिहिलेलं असतं. जास्त भाराला "हाय" म्हणतात. जो रोज लागत नाही त्यावर माउसचं उजवं बटण दाबून "डिसेबल" करा.

घाबरायचं कारण नाही. डिसेबल म्हणजे पुसणं नाही. तो प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्येच राहतो, फक्त न बोलावता येत नाही. मीटिंगचं ॲप, गाण्यांचं ॲप, प्रिंटरची शाई दाखवणारा मदतनीस, हे बंद केले तरी लागेल तेव्हा हाताने उघडता येतात. प्रिंटरही त्यामुळे अडत नाही. विंडोजच्या सुरक्षेचा भाग मात्र चालू ठेवा, आणि आवाज किंवा टचपॅडचे प्रोग्रॅम ओळखू येत नसतील तर त्यांनाही हात लावू नका. जे बंद केलं त्याचं नाव वहीत लिहा. काही बिघडलं तर तिथेच जाऊन "एनेबल" करा.

मराठी टायपिंगबद्दल एक वेगळी गोष्ट. आपल्याकडच्या अनेक कॉम्प्युटरमध्ये वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळे टायपिंगचे प्रोग्रॅम आणि शेकड्यांनी फॉन्ट टाकून ठेवलेले असतात. तीन-तीन टायपिंगचे प्रोग्रॅम रोज सकाळी उठतात आणि वापरला जातो एकच. विंडोजमध्ये मराठीचा कीबोर्ड आधीच दिलेला असतो, तो सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो. युनिकोडमध्ये काम करत असाल तर तेवढा पुरतो. जुन्या फॉन्टमधल्या फायली असतील तर तो फॉन्ट आणि एक प्रोग्रॅम ठेवा, बाकीचे काढा.

दुसरा उपाय, विषाणू पकडणारे प्रोग्रॅम मोजा. विंडोज १० आणि ११ मध्ये स्वतःचं विषाणूरोधक येतं. त्यावर दुकानदारानं एक टाकून दिलेलं, त्याची मुदत संपलेली, वरून कुणी तरी दुसरं फुकटचं टाकलेलं, असं झालं की एकाच दाराला तीन राखणदार बसतात आणि एकमेकांचीच झडती घेतात. एकच चालू ठेवा. बाकीचे कंट्रोल पॅनेलमधून रीतसर काढा. मग राहिलेल्याकडून संपूर्ण तपासणी करून घ्या, कारण कधी कधी संथपणा खरोखर विषाणूचाच असतो. पेन ड्राइव्ह गावभर फिरतात आणि विषाणूही त्यांच्याबरोबर फिरतात.

तिसरा उपाय, सी ड्राइव्हमध्ये जागा करणे. कोठी गळ्यापर्यंत भरली की विंडोजला स्वतःच्या कामाला जागा उरत नाही. पाचवा-सहावा हिस्सा तरी मोकळा ठेवावा. बैठकांचे फोटो, प्रशिक्षणाचे व्हिडिओ, एकच अर्ज दहा वेळा डाउनलोड केलेला, हे सगळं तपासा. हवं ते बाहेरच्या डिस्कवर हलवा आणि नको ते पुसा. पुसल्यावर रिसायकल बिनही रिकामा करा, नाहीतर जागा मोकळी होत नाही. "डिस्क क्लीनअप" नावाची सोय विंडोजमध्येच आहे, ती तात्पुरत्या फायली काढते. तिच्या यादीत "डाउनलोड्स" समोर खूण असेल तर आधी ती बघून घ्या, नाहीतर हवे ते कागदही जातील.

चौथा उपाय फारच सोपा आहे, आठवड्यातून एकदा "रीस्टार्ट" करणे. पुष्कळ जणींना वाटतं, रोज संध्याकाळी बंद करतो म्हणजे रोज नव्यानं सुरू होतो. विंडोज ८ पासून तसं राहिलेलं नाही. "फास्ट स्टार्टअप" नावाची सोय असते. ती चालू असेल तर बंद करताना विंडोज आपल्या आतल्या भागाची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि सकाळी तीच परत वाचते. त्यामुळे कालचा गुंता आजही राहतो. रीस्टार्ट केलं की मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. त्यामुळे शुक्रवारी किंवा बाजाराच्या दिवशी, जसं सोयीचं असेल तसं, एकदा रीस्टार्ट करायचं ठरवून टाका.

पाचवी गोष्ट करायची नाही अशी आहे. "कॉम्प्युटर दहापट वेगवान करा" अशा जाहिराती येतात, त्यातले प्रोग्रॅम टाकू नका. त्यातले बरेचसे स्वतःच ओझं होतात. आणि "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये विषाणू आहे, या नंबरवर फोन करा" असा लाल पडदा आला तर तो नंबर लावू नका, कुणी सांगेल ते ॲप टाकून कॉम्प्युटर त्यांच्या हाती देऊ नका. विंडोज बनवणारी कंपनी असा फोन नंबर पडद्यावर दाखवत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

आमच्या इथे एवढं केल्यावर तेरा मिनिटांची सात मिनिटं झाली. एक रुपयाही लागला नाही.

दोष डिस्कचा की रॅमचा?

उरलेली सात मिनिटं कुणाची, हे पाहायला पुन्हा टास्क मॅनेजर उघडा. त्यात "परफॉर्मन्स" असा भाग असतो. तिथे प्रोसेसर, मेमरी म्हणजे रॅम, आणि डिस्क यांचे आलेख वर-खाली होताना दिसतात. कॉम्प्युटर सुरू झाल्या झाल्या, दुसरं काही न उघडता, पाच मिनिटं नुसतं बघा.

डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटून बसली आहे आणि रॅममध्ये जागा आहे, तर अडचण डिस्कची. रॅमच नव्वद टक्क्यांवर गेली आहे तर ओटा लहान पडतोय. पण एक लक्षात घ्या, ओटा लहान पडला की कॉम्प्युटर सामान पुन्हा पुन्हा कोठीत ठेवतो आणि काढतो, म्हणून रॅम कमी असली की डिस्कही धावते. त्यामुळे दोन्ही आकडे बघूनच ठरवा.

जुन्या हार्ड डिस्कच्या आत गोल चकत्या असतात. जात्याची वरची तळी फिरते तशा त्या फिरतात, पण मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा. वर एक बारीक दांडी पुढे-मागे होत फाइल शोधते. सलग मोठी फाइल वाचायला ती बरी असते. पण सुरू होताना विंडोजला हजारो छोट्या फायली इथून-तिथून लागतात आणि प्रत्येक वेळी दांडीला नव्या जागी जावं लागतं. सगळा वेळ त्या येरझारांत जातो.

आता एसएसडी नावाची डिस्क मिळते. तिच्यात फिरणारं काही नाही, माहिती चिपमध्ये असते. जावं-यावं लागत नाही, म्हणून छोट्या फायली ती कितीतरी पट लवकर देते. जुन्या कॉम्प्युटरमध्ये फरक पाडणारा एकच भाग बदलायचा असेल तर बहुतेक वेळा तो हाच असतो. जुन्या डिस्कवरचं विंडोज आणि फायली जशाच्या तशा तिच्यावर उतरवता येतात. जुनी डिस्क ठणठणीत असेल तर तिचा उपयोग साठवणीसाठी करता येतो.

जुन्या हार्ड डिस्कला "डीफ्रॅगमेंट" केलं की थोडा फरक पडतो, कारण विखुरलेले तुकडे शेजारी-शेजारी येतात. एसएसडीला मात्र ते करायचं नाही. तिला गरज नसते आणि विनाकारण लिहिण्यानं तिचं आयुष्य झिजतं. विंडोज तिची काळजी स्वतः घेते.

रॅमचं म्हणाल तर विंडोज ११ साठी कमीत कमी ४ जीबी सांगितलेली आहे. पण ४ जीबीत विंडोज जेमतेम उभी राहते. ब्राउझर, वर्ड आणि एक्सेल सोबत उघडायचं तर ८ जीबी असलेली बरी. रॅम घेताना कॉम्प्युटरमध्ये कोणती बसते, डीडीआर-३ की डीडीआर-४, हे आधी बघा. एकीची रॅम दुसरीच्या खाचेत बसत नाही.

आमच्या इथे डिस्क शंभर टक्क्यांवर होती आणि रॅम पुरेशी होती. एसएसडी बसवली. जोडणावळीसह खर्च झाला तो नव्या कॉम्प्युटरच्या भावाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत. आता बटण दाबल्यापासून एका मिनिटाच्या आत काम सुरू होतं. भाव रोज बदलतात, म्हणून तुम्ही मलकापुरात किंवा बुलढाण्यात दोन-तीन दुकानांत विचारूनच घ्या.

धूळ, ऊन आणि लाइट

आपल्या भागाची म्हणून काही कारणं आहेत. मका, सोयाबीन काढायच्या दिवसांत भुसा उडतो, कापसाचे तंतू उडतात, आणि कॉम्प्युटरचा पंखा ते सगळं आत ओढतो. प्रोसेसरवरच्या जाळीत धुळीची गादी बसते. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून तो आपणहून सावकाश चालतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी कॉम्प्युटर जास्त रखडतो आणि सकाळी बरा चालतो, असं असेल तर हेच कारण समजा. प्लग काढून, झाकण उघडून मऊ ब्रशनं आणि हवेच्या पंपानं साफ करा. पंख्यावर हवा मारताना पाती बोटानं धरून ठेवा. ओलं फडकं नको. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

लाइटचं सांगायलाच नको. फाइल लिहिली जात असताना लाइट गेली की ती अर्धवट राहते. पुढच्या वेळी विंडोज "डिस्क तपासत आहे" असं म्हणत बसते आणि तेव्हा वैतागून आपण पुन्हा बटण दाबून बंद करतो. असं करू नका. मोठी डिस्क असेल तर तासभरही लागू शकतो, तेवढा वेळ द्या. रोजच असं होत असेल तर डिस्कची तब्येत तपासून घ्या. यूपीएस असेल आणि त्याची बॅटरी संपली असेल तर ती बदला. यूपीएसवर दिवसभर काम करायचं नसतं, तो कॉम्प्युटर नीट बंद करण्यापुरता असतो. संध्याकाळी "शट डाउन" केल्यावर दिवा विझेपर्यंत थांबा, मगच बोर्डावरचं बटण बंद करा.

नवा कधी घ्यावा

सगळं करूनही नवा घ्यावा लागतो अशीही वेळ येते. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला. आधार संपणं म्हणजे कॉम्प्युटर बंद पडणं नाही. तो चालतो, पण नव्याने सापडलेल्या भोकांना कंपनी ठिगळ देत नाही. गटाच्या बँकेचं काम त्यावर करायचं असेल तर हे जोखमीचं आहे. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. त्यामुळे फार जुन्या कॉम्प्युटरवर ती रीतसर बसत नाही.

अशा कॉम्प्युटरवर उबुंटूसारखी लिनक्स टाकता येते. ती फुकट असते आणि तिच्यात मराठी लिहिता येतं. पत्र, यादी, ठराव यासाठी ती चांगली. पण तुमचा प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र किंवा डिजिटल सही तिच्यावर चालते का, हे आधी करून बघा.

मदरबोर्ड गेला असेल, एसएसडी आणि रॅम टाकूनही विंडोज ११ बसणार नसेल आणि बँकेचं काम त्याच कॉम्प्युटरवर करायचं असेल, तर नवा घेणंच बरं. घेताना त्यात एसएसडी आहे ना, हे बिलावर लिहून घ्या. आणि विंडोज अधिकृतच घ्या. चोरीच्या विंडोजबरोबर काय-काय येतं ते कुणालाच कळत नाही.

दुकानात जाताना

कॉम्प्युटर दुरुस्तीला देताना दोघी जणी जा. वहीतले आकडे दाखवा. किती मिनिटं कुठे जातात, डिस्क किती टक्क्यांवर असते, हे सांगितलं की समोरचाही नीट बोलतो. काय बदलणार, किती पैसे, किती दिवस आणि वॉरंटी किती, हे कागदावर घ्या. "फॉरमॅट करू का" असं विचारलं तर नक्कल हातात असल्याशिवाय हो म्हणू नका, कारण फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसणं.

आणि बदललेला जुना भाग, विशेषतः जुनी डिस्क, परत मागून घ्या. ती आपल्या मालकीची असते. तिच्यात शंभर-दीडशे बायांच्या आधार कार्डांच्या, पासबुकांच्या प्रती असू शकतात. गटात नाव घालताना त्या बायांनी आपल्यावर विश्वास ठेवून ते कागद दिलेले असतात. ती डिस्क दुकानाच्या कोपऱ्यात पडून राहता कामा नये. बिघडलेली असली तरी आणा, कुलुपात ठेवा, किंवा फोडून निकामी करा आणि तसा ठराव वहीत लिहा.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीच्या दिवशी अर्धा तास आधी जमा. एकीनं घड्याळ धरा, एकीनं वही, एकीनं माउस. तीन वेळा लिहा, फायलींची नक्कल करा, स्टार्टअपची यादी छाटा. एवढ्यानं भागलं तर पैसे वाचले. नाही भागलं तर तुमच्या हातात आकडे असतील आणि नवा घ्यायचा की जुना दुरुस्त करायचा, हे दुकानदार ठरवणार नाही, तुमची बैठक ठरवेल. काही अडलं तर आपल्या गावच्या सीआरपी ताईंना सांगा, तुमची वही घेऊन आमच्याकडे या, आपण मिळून बघू. पुढच्या वेळी मोबाइलची जागा वारंवार भरते त्याबद्दल बोलू.